अलर्ट गेला, पण भलत्यालाच: अपटाईम मॉनिटरिंगचे वर्कस्पेस वेगळे करूनही परत परत होणारा घोळ

साईट बंद पडली, मॉनिटरने (साईट चालू आहे का हे ठराविक वेळाने तपासणाऱ्या नोंदीने) एका मिनिटात पकडली, अलर्टही सुटला, आणि तरी दोन तास कोणी हललं नाही. असे घोळ आमच्याकडे वर्षभरात चार वेळा झाले. दरवेळी काहीतरी दुरुस्त केलं, दरवेळी वाटलं की आता मिटलं, आणि महिना-दीड महिन्याने दुसऱ्याच रूपात तेच परत समोर. शेवटी बसून मुळापासून शोधलं तेव्हा कळलं की मॉनिटर ठीक होते, सर्व्हर ठीक होते, सगळा घोळ वाटणीत होता. कुठला मॉनिटर कुठल्या वर्कस्पेसमध्ये (अकाउंटच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात) टाकायचा हे आम्ही चुकीच्या प्रश्नावरून ठरवलं होतं. ज्यांच्याकडे अनेक क्लायंटच्या किंवा अनेक टीमच्या साईट्स एकाच मॉनिटरिंग अकाउंटमध्ये आहेत त्यांना हे कधी ना कधी भेटतंच, म्हणून जसं झालं तसं सगळं लिहितोय.

तेव्हा आमच्याकडे नव्वदच्या आसपास मॉनिटर होते, अकरा क्लायंट, आणि सांभाळणारी माणसं पाच.

पहिल्या वेळचं मला अजून लख्ख आठवतंय. रात्री २:४० ला क्लायंटचा फोन. "अहो, चेकआउट उघडत नाहीये, ५०२ दाखवतंय, तुम्हाला काही आलं नाही का?" फोन कानाला लावूनच डॅशबोर्ड उघडला. १२:३१ ला डाऊन, १२:३२ ला अलर्ट पाठवला, समोर पोचल्याची हिरवी खूण. मग चॅनेल उघडला तर मेसेज तिथे होता, साईटचं नाव, कोड, वेळ, सगळं नीट लिहिलेलं. फक्त त्याच्या वर सत्तावीस आणि खाली चाळीसेक मेसेज स्टेजिंगचे (बदल आधी करून बघायच्या चाचणीच्या साईटचे), कारण त्या रात्री स्टेजिंगवर डिप्लॉय, म्हणजे नवा कोड चढवणं, चालू होता. आणि चॅनेल पाचही जणांनी म्यूट केलेला. म्यूट करणाऱ्याला मी दोष देत नाही, ज्या चॅनेलवर दिवसाला शंभर बिनकामाचे मेसेज येतात ते माणूस म्यूट करणारच, मीही केलं होतं.

दुसऱ्या वेळी मेंटेनन्स विंडो, म्हणजे दुरुस्तीसाठी अलर्ट गप्प ठेवायची वेळ. एका क्लायंटचा सर्व्हर हलवायचा होता म्हणून चार तासांची विंडो लावली आणि लावताना "सगळे मॉनिटर" निवडलं गेलं, कारण यादीत त्या क्लायंटचे नऊ मॉनिटर एकेक करून शोधण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याच चार तासांत दुसऱ्याच क्लायंटचं सर्टिफिकेट, म्हणजे साईटची ओळख पटवणारा दाखला, संपलं. मॉनिटरने बघितलं, नोंदवलं, आणि विंडो चालू आहे म्हणून गप्प बसला.

तिसऱ्या वेळी तर साईट पडलीच नव्हती. स्टेटस पेज (साईट चालू आहे का हे दाखवणारं पान) टॅगवरून आपोआप भरायला लावलेलं होतं, "प्रॉडक्शन" टॅग, म्हणजे लोक वापरतात ती खरी साईट, असेल ते सगळं दाखव असं. नवीन क्लायंटचा मॉनिटर टाकताना तो टॅग दिला आणि एका क्लायंटच्या सार्वजनिक स्टेटस पेजवर दुसऱ्या क्लायंटच्या न उघडलेल्या साईटचं नाव झळकलं. मला वाटतं चारांतलं हे सगळ्यात वाईट होतं, कारण बंद पडलेली साईट परत चालू करता येते, बाहेर गेलेलं नाव परत आत आणता येत नाही.

चौथ्या वेळी अलर्ट गेला तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलबॉक्सला. तेवढंच.

आधी काय काय करून बघितलं

नावांची शिस्त लावली. प्रत्येक मॉनिटरच्या नावात आधी क्लायंट, मग प्रॉडक्शन की स्टेजिंग, मग पानाचं नाव. शोधायला बरं झालं, पण अलर्ट नाव वाचून रस्ता ठरवत नाही, त्यामुळे मूळ प्रश्नाला हातच लागला नाही.

मग टॅग आणि ग्रुप. इथे बरेच जण थांबतात आणि इथेच फसतात. टॅग म्हणजे चिठ्ठी, भिंत नाही. टॅग असल्याने यादी गाळता येते, रंग दिसतो, पण तो चिकटवायचं माणसाच्या लक्षात राहिलं तरच, आणि विसरला तर मॉनिटर कुठेतरी मधेच लोंबकळत राहतो आणि विसरलाय हे कोणाला कळतही नाही. अपटाईम कुमा या स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या मॉनिटरिंग टूलमध्ये ग्रुप आहेत, टॅग आहेत, अनेक स्टेटस पेजेस करता येतात, आणि ते टूल मला मनापासून आवडतं, पण तिथला ग्रुप हा बघण्यासाठी आहे. ग्रुप पॉज केला की आतले मॉनिटर पॉज होतात, आतला एक पडला की ग्रुपही पडलेला दिसतो, आणि ग्रुपलाही नोटिफिकेशन जोडलं असेल तर एकाच घटनेचे दोन अलर्ट येतात. शिवाय एखादं नोटिफिकेशन "नवीन मॉनिटरला आपोआप लागू" असं करून ठेवलेलं असेल तर नवा मॉनिटर कुठल्याही ग्रुपमध्ये टाका, अलर्ट त्या जुन्या चॅनेलवरच जाणार. खरी भिंत हवी असेल तर तिथे सरळ वेगळं इन्स्टन्स (त्या टूलची वेगळी प्रत) चालवावं, वेगळा कंटेनर, वेगळा डेटा व्हॉल्यूम. दोन कंटेनरना एकच डेटा फोल्डर देऊ नका, आणि तो फोल्डर एनएफएसवरही (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) ठेवू नका, टूल ज्यात नोंदी ठेवतं तो एसक्यूलाईटचा डेटाबेस त्याने खराब होतो.

तिसरा प्रयत्न म्हणजे खरेखुरे वर्कस्पेस, आणि तेच आम्ही चुकीचे पाडले. वर्डप्रेस साईट्स एका वर्कस्पेसमध्ये, एपीआय (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची दारं) दुसऱ्यात, सर्टिफिकेट आणि डोमेन तिसऱ्यात, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) चौथ्यात. दिसायला इतकं सुबक की महिनाभर आम्हीच खूश होतो. मग एका क्लायंटचा डेटाबेस बसला आणि त्याचे अलर्ट तीन वर्कस्पेसमधून तीन वेगळ्या माणसांना गेले, वर्डप्रेसवाल्याने साईट रीस्टार्ट केली, एपीआयवाल्याने कंटेनर रीस्टार्ट केला, क्रॉनवाला जॉब परत परत चालवत राहिला, आणि डेटाबेसकडे कोणाचंच लक्ष नाही कारण डेटाबेस कोणाच्याच वर्कस्पेसमध्ये नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते सुद्धा तीन बंब.

मूळ कारण

मॉनिटर कशाचा आहे यावरून वाटणी केली की ती चुकणारच. वाटणी करायची ती माणसांवरून. प्रत्येक मॉनिटरला तीन प्रश्न विचारायचे: हा रात्री पडला तर उठणार कोण, हा बघायची परवानगी कोणाला आहे, आणि ह्याची मेंटेनन्स विंडो लावायचा अधिकार कोणाचा. ज्या मॉनिटरची तिन्ही उत्तरं सारखी ते एका वर्कस्पेसमध्ये. एकही उत्तर वेगळं असेल तर वर्कस्पेस वेगळा. आमचे चारही घोळ ह्या तीन प्रश्नांत बसतात, पहिला आणि चौथा "उठणार कोण" मध्ये, दुसरा "विंडो कोणाची" मध्ये, तिसरा "बघणार कोण" मध्ये.

हे स्क्रीनवर करू नका. आम्ही मॉनिटरची यादी एक्सपोर्ट करून स्प्रेडशीटमध्ये टाकली, शेजारी तीन रिकामे कॉलम केले, आणि पाचही जण एकत्र बसून भरले. भरताना भांडणं होतात आणि ती व्हायलाच हवीत. एका मॉनिटरपाशी "उठणार कोण" मध्ये दोघांनी एकमेकांचं नाव सांगितलं, म्हणजे इतके दिवस तो मॉनिटर कोणाचाच नव्हता. नव्वदांत असे सात निघाले, आणि बारा मॉनिटर असे की ज्यांची साईटच आता अस्तित्वात नाही. पूर्ण दुपार गेली ह्यात, पण पुढचं सगळं त्या एका शीटवरून झालं.

टूलमध्ये ह्या भिंतीचं नाव वेगवेगळं असतं. कुठे वर्कस्पेस, कुठे टीम, ग्राफानामध्ये ऑर्गनायझेशन, हेल्थचेक्सच्या सर्व्हिसमध्ये प्रोजेक्ट, आणि तिथे प्रत्येक प्रोजेक्टचे चेक, इंटिग्रेशन, एपीआय की आणि सदस्य वेगळे असतात. नाव काही असो, बघायचं हे की माणसं, अलर्टचे रस्ते, विंडो, स्टेटस पेज आणि टोकन (स्क्रिप्टला आत जायची किल्ली) ह्या पाचही गोष्टी खरंच वेगळ्या होतात की नाही. चार वेगळ्या झाल्या आणि पाचवी सामाईक राहिली तर घोळ त्या पाचवीतून येतो.

प्रोमिथियस हे मॉनिटरिंग टूल वापरणाऱ्यांना अशी तयार भिंत मिळत नाही, तिथे अलर्टमॅनेजर हा अलर्ट वाटणारा प्रोग्राम लेबल बघून रस्ता ठरवतो. त्यात दोन जागी पाय अडकतो. एक, एकाच पातळीवरच्या रूटमध्ये (अलर्टच्या रस्त्याच्या नियमांत) जो पहिला जुळेल तिथे अलर्ट थांबतो, पुढच्याही रूटला जायला हवा असेल तर "कंटिन्यू" चालू करावं लागतं. दोन, कुठलाच रूट जुळला नाही तर अलर्ट सगळ्यात वरच्या, मूळ रिसीव्हरकडे (अलर्ट घेणाऱ्या पत्त्याकडे) जातो, आणि तो रिसीव्हर बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला चाचणीसाठी टाकलेला कुठलातरी पत्ता असतो. मूळ रिसीव्हर हा जिवंत माणूस बघतो असाच पत्ता ठेवा, म्हणजे लेबल विसरलेला मॉनिटर निदान कोणाच्या तरी नजरेस पडेल.

किती वर्कस्पेस करायचे

उत्साहात आम्ही अकरा क्लायंटचे अकरा, अधिक प्रत्येकाचा स्टेजिंगचा वेगळा, असे बावीस करायला निघालो होतो. एक ना धड भाराभर चिंध्या. बावीस ठिकाणी माणसं जोडायची, बावीस ठिकाणी मेलचे पत्ते, आणि कोणी सुट्टीवर गेलं की बावीस ठिकाणी बदल. तीन प्रश्न परत लावले तेव्हा सातवर आलो. ज्या छोट्या क्लायंटना स्वतःचं लॉगिन नको, स्टेटस पेज नको, आणि ज्यांच्यासाठी उठणारी माणसं तीच, ते पाच जण एका वर्कस्पेसमध्ये सुखाने राहतात. मोठे तीन वेगळे. स्टेजिंग अख्खं एकत्र, त्याला रात्रीचा फोन नाही, मेल सुद्धा दिवसातून एकदाच. उरलेल्या तीन क्लायंटची टीम आणि विंडो सारखीच होती, ते एका ठिकाणी. असे सहा झाले. सातवा म्हणजे पाया.

पाया हा शब्द आमचा. सामाईक सर्व्हर, रिव्हर्स प्रॉक्सी (साईट्सपुढे उभा राहून येणाऱ्या विनंत्या वाटणारा सर्व्हर), डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा), मेल पाठवणारा सर्व्हर, ज्यांच्यावर अनेक क्लायंट उभे आहेत ते सगळं ह्यात. हा वेगळा नसेल तर प्रॉक्सी पडल्यावर चौदा साईट्सचे चौदा अलर्ट चार वर्कस्पेसमधून येतात आणि प्रत्येकजण आपापली साईट तपासत बसतो. एक मॉनिटर दुसऱ्यावर अवलंबून आहे असं सांगायची सोय काही टूलमध्ये असते पण ती सहसा एका वर्कस्पेसच्या आतच चालते, आणि अलर्टमॅनेजरचे इनहिबिट रूलही (एक अलर्ट आला की दुसरा दाबून ठेवणारे नियम) त्याच एका अलर्टमॅनेजरकडे आलेल्या अलर्टपुरते. म्हणून आम्ही वेळेचा आधार घेतला: पायातले चेक दर ३० सेकंदांनी आणि एकाच रिट्रायवर (चुकल्यावर एकदाच परत तपासून), क्लायंटच्या साईट्स दर ६० सेकंदांनी आणि तीन रिट्रायवर. त्यामुळे प्रॉक्सी पडली तर पायाचा अलर्ट दोन-तीन मिनिटं आधी येतो आणि मागून चौदा आले तरी कारण आधीच हातात असतं.

रिट्राय वाढवताना हिशेब मात्र करा. पाच मिनिटांचा इंटरव्हल (दोन चेकमधलं अंतर) आणि पाच-पाच मिनिटांचे तीन रिट्राय म्हणजे साईट पडल्यापासून अलर्ट यायला २० मिनिटं लागू शकतात. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के अपटाईम म्हणजे ४३ मिनिटं १२ सेकंदांची सूट, ९९.९९ टक्के म्हणजे फक्त ४ मिनिटं १९ सेकंद. क्लायंटला चार नऊ लिहून दिलेत आणि मॉनिटर पाच मिनिटांचा असेल तर महिन्याची सूट तुम्हाला कळायच्या आत संपलेली असते. रिट्रायमधला वेळ इंटरव्हलपेक्षा वेगळा ठेवता येत असेल तर तो २०-३० सेकंदांवर आणा.

हलवताना घोळ परत कुठून शिरतो

वाटणी कागदावर बरोबर झाली तरी मॉनिटर एका वर्कस्पेसमधून दुसऱ्यात नेताना अर्ध्या गोष्टी मागे राहतात, आणि "वर्कस्पेस वेगळे करूनही फरक पडला नाही" असं जे म्हणतात त्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं. आमचंही चुकलं.

इतिहास सोबत येईलच असं धरू नका. आमच्या सर्व्हिसमध्ये मॉनिटर नव्याने तयार करावे लागले, म्हणजे जुने आकडे जुन्याच जागी. आधी सगळं एक्सपोर्ट केलं, मग महिनाअखेरीपर्यंत जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवले, जेणेकरून महिन्याचा रिपोर्ट मधेच तुटणार नाही. जुन्याचं नोटिफिकेशन तेवढं काढलं, मॉनिटर उडवला नाही. आता दोन्ही चालू म्हणजे साईटवर दुप्पट चेक, आणि दोन ठिकाणी ४२९ यायला लागला, म्हणजे रेट लिमिट, विनंत्या फार झाल्या. एका ठिकाणी ४०३, म्हणजे मनाई, कारण नव्या वर्कस्पेसमध्ये चेकची ठिकाणं वेगळी निवडली गेली होती आणि फायरवॉलमध्ये जुन्या ठिकाणांचेच आयपी होते. आणि एका एपीआयवर ४०५, म्हणजे ही पद्धत चालत नाही, कारण नव्या मॉनिटरची डिफॉल्ट पद्धत हेड रिक्वेस्ट (पान न मागता फक्त त्याची माहिती मागणारी) होती आणि तो सर्व्हर फक्त गेट (पूर्ण पान मागणारी) घेतो. साईट मस्त चालू, मॉनिटर लाल. हे तीन कोड दिसले की सर्व्हरकडे पळण्याआधी मॉनिटरची सेटिंग जुन्याशी ताडून बघा.

सगळ्यात दगाबाज म्हणजे हार्टबीट. क्रॉन जॉब संपल्यावर एका ठराविक पत्त्यावर पिंग करतो आणि पिंग आला नाही की अलर्ट. नव्या वर्कस्पेसमध्ये नवा हार्टबीट केला की त्याचा पत्ता नवा असतो, पण सर्व्हरवरचा जॉब जुन्याच पत्त्यावर हाक मारत राहतो. नवा मॉनिटर लाल, जुना हिरवा. मग कोणीतरी नव्याचं नोटिफिकेशन तात्पुरतं बंद करतं, महिनाअखेरीला जुना वर्कस्पेस उडवला जातो, आणि त्या क्षणापासून तो बॅकअप जॉब कोणीच बघत नाही. आमचा एक बॅकअप असाच अकरा दिवस झालाच नव्हता. म्हणून जुना वर्कस्पेस उडवायच्या आधी प्रत्येक सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये, सिस्टमडीच्या टायमरमध्ये आणि डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये जुन्या पत्त्याचा तुकडा ग्रेप कमांडने शोधून बघा. एकही सापडला तर थांबा.

टोकन. आमची एक छोटी स्क्रिप्ट डिप्लॉयच्या आधी मॉनिटर पॉज करायची आणि नंतर चालू करायची, आणि तिच्याकडे अख्ख्या अकाउंटचं टोकन होतं. वर्कस्पेस वेगळे झाले तरी ते टोकन सगळीकडे चालतं, म्हणजे भिंत फक्त माणसांना, स्क्रिप्टला नाही. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीकडे जे झालं ते ह्याच जातीचं होतं: एक जुनं अ‍ॅप काढायचं होतं, पण स्क्रिप्टला अ‍ॅपच्या आयडीऐवजी अख्ख्या साईटचे आयडी दिले गेले, एपीआयने दोन्ही चालवून घेतले, आणि ७७५ ग्राहकांच्या ८८३ साईट्स उडाल्या. काहींना परत यायला १४ दिवस लागले, आणि ग्राहकांचे संपर्कही साईटसोबतच गेल्याने कळवायचं कोणाला हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. आता आमचं प्रत्येक वर्कस्पेसचं टोकन वेगळं आहे, रिपोर्टसाठी फक्त वाचायचं टोकन, आणि स्क्रिप्ट काहीही करायच्या आधी वर्कस्पेसचं नाव आणि किती मॉनिटरला हात लागणार तो आकडा छापते, अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर पुढे जात नाही.

अलर्ट ज्या चॅटवर जातो तो चॅटही तपासा. टेलिग्रामवर साध्या ग्रुपचा सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलतो, नवा आयडी उणे शंभर ह्या आकड्यांनी सुरू होतो, आणि जुन्या आयडीवर पाठवलेला मेसेज एररसकट परत येतो. नव्या सदस्यांना जुने मेसेज दिसावेत असं सेटिंग केलं तरी हे होतं, आणि वर्कस्पेस पाडताना माणसं इकडून तिकडे जोडताना नेमकं तेच केलं जातं. ग्रुप दिसायला तोच, नाव तेच, आणि अलर्ट बंद.

मेलसाठी माणसाचा पत्ता टाकूच नका, प्रत्येक वर्कस्पेसचा कामाच्या नावाचा एक मेलबॉक्स करा आणि माणसं त्याच्या मागे बदला. तो मेलबॉक्स ज्या डोमेनवर लक्ष ठेवताय त्याच डोमेनवर नको, डीएनएस गेला तर साईटही जाते आणि साईट गेल्याचा मेलही. स्टेटस पेजचंही तसंच. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एसथ्री ही फाइल साठवायची सेवा पडली तेव्हा अ‍ॅमेझॉनला स्वतःचं सर्व्हिस हेल्थ डॅशबोर्ड नीट बदलता येईना, कारण ते बदलायची यंत्रणाच एसथ्रीवर अवलंबून होती. एवढ्या मोठ्यांचं होतं तर आपलं तपासून घ्यायलाच हवं.

सर्टिफिकेटचे मॉनिटर कुठे टाकायचे ह्यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं ठाम मत, जो रिन्यू करतो त्याच्या वर्कस्पेसमध्ये, सगळी सर्टिफिकेट एकत्र कधीही नको. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने मुदत संपत आल्याचे मेल ४ जून २०२५ पासून बंद केले, त्यामुळे त्या मेलवर विसंबलेल्यांना आता मॉनिटर हाच आधार. आणि मुदती कमी होत चालल्यात, सीए-ब्राउझर फोरमच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मंडळाच्या) निर्णयाप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. आता गंमत बघा, ९० दिवसांचं सर्टिफिकेट सर्टबॉट (आपोआप रिन्यू करणारा प्रोग्राम) साधारण ३० दिवस उरले की रिन्यू करायला घेतो, आणि आमचा इशाराही ३० दिवसांवरच लावलेला. म्हणजे सगळं सुरळीत असताना सुद्धा दर रिन्यूच्या आसपास अलर्ट यायचा, लांडगा आला रे आला, आणि खरा आला तेव्हा कोणी बघितलं नाही. आता पहिला इशारा १४ दिवसांवर मेलने, दुसरा ७ वर फोनने.

झालं की नाही हे कसं बघायचं

हिरवी खूण बघून समाधान मानू नका, आमच्या पहिल्या रात्रीही ती होतीच. प्रत्येक वर्कस्पेसमध्ये एक मॉनिटर असा बनवा जो पडणारच, त्यासाठी डॉट इनव्हॅलिडने संपणारं कुठलंही नाव घ्या, हे शेवटचं नाव १९९९ च्या आरएफसी २६०६ ने (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने) नक्की अवैध ठरणाऱ्या नावांसाठी राखून ठेवलंय त्यामुळे ते कधीच कोणाच्या खऱ्या साईटला लागणार नाही. मॉनिटर चालू करा, घड्याळ लावा, आणि ज्याच्या फोनवर यायला हवा त्याला विचारा, आला का, किती वाजता, कुठल्या चॅटवर. मग उलटंही विचारा, ज्यांना यायला नको त्यांना आला का. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि गळती तिथेच असते. आमच्या सातांपैकी दोन वर्कस्पेसचा अलर्ट पहिल्या चाचणीत जुन्या सामाईक चॅनेलवरच गेला, वर्कस्पेस नवा पण वेबहुकचा (चॅनेलवर मेसेज पाठवायच्या दुव्याचा) पत्ता कॉपी केलेला. त्यानंतर एका वर्कस्पेसवर विंडो लावून दुसऱ्यातला चाचणी मॉनिटर बोलतो का ते बघितलं, आणि क्लायंटच्या लॉगिनने आत जाऊन बाकीच्यांचं काही दिसतं का ते बघितलं.

ही चाचणी एकदा करून सोडलीत तर सहा महिन्यांनी परत तेच. जो वर्कस्पेस कधीच अलर्ट देत नाही तो चांगला चाललाय की मुका झालाय हे बाहेरून ओळखता येत नाही. आम्ही चाचणीचा मॉनिटर ठेवूनच दिलाय, दर सोमवारी सकाळी दहा वाजता तो दहा मिनिटं चालू होतो, ज्याची पाळी आहे तो शीटमध्ये वेळ लिहितो. प्रोमिथियसवाले वॉचडॉग नावाचा कायम पेटलेला अलर्ट ठेवतात, तो यायचा थांबला की समजायचं रस्ता तुटलाय, तीच कल्पना. ह्या सोमवारच्या चाचणीत आत्तापर्यंत दोनदा तुटलेला रस्ता सापडला, दोन्ही वेळा साईट पडायच्या आधी.

नवीन क्लायंट आला की आता क्रम ठरलेला आहे: आधी शीटमध्ये तीन कॉलम, मग वर्कस्पेस, मग मेलबॉक्स आणि चॅट, मग डॉट इनव्हॅलिडवाली चाचणी, आणि सगळ्यात शेवटी खरा मॉनिटर. पूर्वी आम्ही मॉनिटर आधी टाकायचो आणि बाकीचं नंतर बघू म्हणायचो.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. चार क्लायंट एकच पेमेंट गेटवे वापरतात, तो ना आमचा ना त्यांचा, तो पडला तर उठून करणार काहीच नाही पण कळायला तर हवं. सध्या त्याचा मॉनिटर पायामध्ये ठेवलाय, रात्रीचा फोन न लावता, आणि प्रत्येक क्लायंटच्या वर्कस्पेसमध्ये त्यांच्या चेकआउट पानावर कीवर्ड चेक लावलाय, पैसे भरायचं बटण पानावर सापडलं तरच हिरवा, नुसत्या २०० वर (सर्व्हरच्या 'ठीक आहे' या कोडवर) नाही. गेटवे गेला की पायाचा मेल आणि चेकआउटचा अलर्ट पाठोपाठ येतात, आणि ज्याची पाळी असेल तो सर्व्हरला हात न लावता क्लायंटला फोन करतो.